१९७१ चं मिग-२१ एफएल: हिरव्याखालून डोकावणारी चांदी कशी साधायची

भारतीय हवाई दलाची मिग-२१ एफएल विमानं सुरुवातीची वर्षं उघड्या अ‍ॅल्युमिनियममध्येच उडाली. नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीनं बांधलेली विमानंही तशीच चकचकीत. १९७१ च्या लढाईच्या तोंडावर स्क्वाड्रनांनी आपापल्या तळावर, हाताशी होता तो रंग घेऊन या चांदीवर हिरवे-तपकिरी पट्टे चढवले. त्यामुळे या विमानांमध्ये एकाचा पट्टा दुसऱ्यासारखा नाही, आणि घाईत चढवलेल्या या रंगाखालून जागोजागी धातू डोकावतो.

या विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल करताना कामाचा क्रम हाच ठेवा. आधी पूर्ण चांदीचं विमान, मग त्यावर हिरवा, मग तो हिरवा झिजवणं. हिरव्या विमानावर बारीक ब्रशनं चांदीचे ठिपके दिले तर ते ठिपकेच दिसतात, रंग उडाल्यासारखे दिसत नाहीत. वेळ दुप्पट लागतो, पण दुसरा रस्ता नाही.

किट निवडताना

एमएफ किंवा बिस या मिग-२१ च्या नंतरच्या प्रकारांचं किट घेऊन एफएल होत नाही. एफएलची कॉकपिटवरची काच एकसंध असते आणि पुढच्या बाजूला उचलली जाते. एमएफ आणि बिसची उजवीकडे उघडते. एफएलच्या प्रत्येक पंखाखाली एकच पायलॉन (शस्त्र टांगायचा आधार), नंतरच्या विमानांना दोन. एफएलच्या पोटात तोफ नाही. ती जीपी-९ या पॉडमध्ये, म्हणजे बाहेर टांगायच्या डब्यात, मधल्या पायलॉनवर बसते. पिटोची, म्हणजे वेग मोजायची, लांब नळी नाकाच्या वरच्या अंगाला. म्हणून एफएल ज्यावरून बनलं त्या पीएफ मालिकेचं किट शोधा. १:४८ मध्ये एडुआर्ड कंपनीचं चांगलं आहे. विमानाच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे १:४८ मध्ये जेमतेम १५ सेंटिमीटर, १:७२ मध्ये १० सेंटिमीटरला किंचित कमी. रंग झिजवण्याचं काम पहिल्यांदा करणार असाल तर १:४८ च घ्या.

शस्त्रं कोणती लावायची ते आधी ठरवा. ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर १४ डिसेंबर १९७१ ला गेलेल्या २८ स्क्वाड्रनच्या मिगांनी ५७ मिलिमीटरची रॉकेटं मारली होती. तसं विमान हवं तर पंखांखाली १६ नळ्यांचे रॉकेट पॉड. हवाई लढाईचं हवं तर दोन के-१३ क्षेपणास्त्रं आणि पोटाखाली तोफेचा पॉड. पॉड लावलात की मधली तेलाची टाकी लावता येणार नाही, जागा एकच आहे. ही चूक मॉडेलांवर सर्रास दिसते.

संदर्भासाठी त्या एका विमानाचे, त्याच काळातले फोटो गोळा करा. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात मिग-२१ जवळून पाहता येतं, आणि आकार, झाकणं, रिव्हेटच्या ओळी समजायला त्याचा मोठा उपयोग होतो. पण जतन केलेल्या विमानांवर पुन्हा पुन्हा रंग बसलेला असतो, त्यामुळे झीज तिथून उचलू नका.

जोडणी

कॉकपिट किटच्या कागदाप्रमाणे रंगवून उरका. काच मिटलेली ठेवणार असाल तर आत फार थोडं दिसतं. काच चिकटवायला फेविक्विक वापरू नका, त्याच्या वाफेनं ती आतून धुरकट होते. पांढरा फेविकॉल पाण्यात जरा पातळ करून लावा, वाळल्यावर तो पारदर्शक होतो.

धड बंद करण्याआधी नाकात वजन घाला. इंजिन मागे, चाकं मध्ये, त्यामुळे मॉडेल शेपटीवर बसायला टपलेलं असतं. किती ग्रॅम हे अंदाजानं ठरवू नका: धड आणि पंख मास्किंग टेपनं तात्पुरते जोडा, मागच्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोला आणि नाक ठामपणे खाली जाईपर्यंत पुढे वजन वाढवत जा. मासेमारीच्या गळाचे शिशाचे मणी नाकाच्या पोकळ शंकूत आणि त्याच्यामागे चांगले मावतात. ते एम-सीलमध्ये दाबून बसवा. सुटा राहिलेला मणी नंतर आयुष्यभर आत खुळखुळतो.

धडाचे दोन भाग पातळ सिमेंटनं (प्लास्टिक वितळवून जोडणाऱ्या मॉडेलच्या गोंदानं) जोडताना जरा जोरात दाबा, वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड सांध्यातून वर आली पाहिजे. ती दोन दिवस तशीच राहू द्या. मग ४००, ८००, १५०० आणि २५०० चा वॉटर पेपर, पाणी लावून, याच क्रमानं. घाईत दुसऱ्याच दिवशी घासलं तर सांधा आठवड्यानं आत बसतो आणि चांदीखाली काळी रेघ होऊन दिसतो. फट राहिलीच तर साध्या पुट्टीपेक्षा फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून भरा. ते बसत नाही. मात्र तासाभरात घासून घ्या. रात्रभर राहिलं तर प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि कागद त्याला सोडून शेजारचं प्लास्टिक खातो. सांध्यावर पुसल्या गेलेल्या पॅनलच्या रेघा सुईनं पुन्हा कोरा.

चांदी

धातूचा रंग काहीही झाकत नाही. हिरव्या-करड्या विमानावर खपून जाणारा ८०० चा ओरखडा इथे वाऱ्यावरच्या केसासारखा उठून दिसतो. म्हणून भांड्यांच्या साबणानं मॉडेल धुऊन, वाळवून, काळ्या मिस्टर सर्फेसर १५०० या प्रायमरचे दोन पातळ हात द्या आणि दिव्याखाली तिरकं धरून बघा. जिथे खोट दिसेल तिथे परत मागे जा. प्रायमर वाळला की ३००० च्या कागदानं हलक्या हातानं गुळगुळीत करा, मग चांदी.

रंग लॅकरचा घ्या: अ‍ॅल्क्लॅड किंवा मिस्टर कलरचे सुपर मेटॅलिक. एअरब्रशचं टोक ०.३ मिलिमीटर, दाब १५ पीएसआयच्या आसपास, अंतर सहा-सात सेंटिमीटर. तीन-चार धुक्यासारखे हात. ओला हात दिला की कण एकीकडे गोळा होतात. मग काही पॅनल टेप लावून किंचित गडद करा, त्याच रंगात काळ्याचे दोन-चार थेंब टाकून. टेप आधी तळहाताला चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा. शेपटीच्या टोकाला, नॉझलच्या आधीचा पट्टा जळका तपकिरी-निळसर असतो, तो आताच करून घ्या.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम करत असाल तर एक धोका आहे. हवेतल्या ओलाव्यानं लॅकर वाळता वाळता पांढुरकं, दुधाळ होतं. काँप्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप असलाच पाहिजे, पण खोलीतली दमट हवा त्यानं बदलत नाही. एसी लावून खोली कोरडी करा किंवा सरळ ऑक्टोबरपर्यंत थांबा. दुधाळपणा आलाच तर नुसत्या लेव्हलिंग थिनरचा (लॅकर सावकाश वाळवणाऱ्या थिनरचा) अगदी हलका फवारा देऊन तो बहुतेकदा जातो.

चांदी २४ तास वाळू द्या आणि तिच्यावर लॅकरच्या ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक थराचा, एक पातळ हात द्या. यानं चमक थोडी मरते, म्हणून पुष्कळजण तो टाळतात. टाळू नका. पुढे पाणी लावून घासताना हिरव्याबरोबर चांदीही निघून काळा प्रायमर उघडा पडला, तर सगळंच पहिल्यापासून करावं लागतं.

हिरवा, आणि तो उडवणं

चांदी आणि हिरवा यांच्या मधे हेअरस्प्रेचा थर द्यायचा; तो पाण्यानं सुटतो आणि वरचा हिरवा उचलतो. बाजारातला कुठलाही स्वस्त हेअरस्प्रे चालतो. डब्यातून थेट मारलात तर थेंब पडतात; एका वाटीत फवारून तो एअरब्रशमध्ये घ्या. दोन पातळ हात, मधे दहा मिनिटं. जाड थर झाला की वरचा रंग पापडासारखा तडकतो आणि मोठमोठे तुकडे निघतात.

हिरव्यासाठी टामियाचे अ‍ॅक्रिलिक रंग उत्तम. ते त्यांच्याच एक्स-२०ए थिनरनं किंवा पाण्यानं पातळ करा, साधारण निम्मा रंग, निम्मं थिनर. लॅकर थिनर घालू नका. त्यानं रंग इतका घट्ट बसतो की नंतर पाण्याला दाद देत नाही. थर असा द्या की चांदी जेमतेम झाकली जाईल. कुठे दाट कुठे विरळ झाला तरी बिघडत नाही, मूळ विमानांवरही तो हातानंच चढवलेला होता. पट्ट्याची कड धारदार की विरत जाणारी, हे तुमच्या फोटोवरून ठरवा.

रंग दिल्यावर अर्ध्या ते एका तासात झिजवायला घ्या. रात्रभर ठेवू नका. एका वेळी एकच भाग करा: आज डावा पंख रंगवला तर आजच झिजवा.

कोमट पाणी, आणि दोन नंबरचा जुना ब्रश, केस कापून पाच मिलिमीटर ठेवलेला. रुपयाच्या नाण्याएवढी जागा ओली करा आणि थांबा. वीस-तीस सेकंद काहीच होत नाही. मग ब्रशचं टोक हलकेच गोल फिरवा. आधी रंगाची कड किंचित उचलल्यासारखी होते, पाणी हिरवट होतं, आणि एकदम टाचणीच्या डोक्याएवढा चांदीचा ठिपका उघडतो. तिथेच हात उचला. त्याच जागी आणखी दोन फेऱ्या मारल्या तर ठिपक्याचं मैदान होतं. लांब ओरखडे हवेत तिथे टूथपिकचं टोक हवेच्या दिशेनं, पुढून मागे ओढा.

माप विसरू नका. १:४८ मध्ये मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे जवळजवळ ५ सेंटिमीटर. बहुतेक ठिपके त्याहून खूप लहान हवेत.

झिजवायचं कुठे? जिथे माणसाचा बूट, हात किंवा पान्हा लागतो, आणि जिथे हवा घासते. पंखाच्या मुळाशी, जिथे ग्राउंड क्रू उभा राहतो. पाठीवरच्या तेल भरायच्या झाकणांभोवती. वारंवार उघडणाऱ्या पॅनलच्या स्क्रूंवर. पंखांच्या पुढच्या कडांना. इंजिन काढताना शेपटीकडचं अख्खं धड सुटं होतं, त्या जोडावरही दोन्ही बाजूंनी. शेपटीच्या उंच भागाला कोणाचा हात पोचत नाही, तो जवळजवळ सोडून द्या. नाकाचा शंकू आणि शेपटीच्या शिखरावरची टोपी धातूची नाहीत, तिथे चांदी दिसलीच नाही पाहिजे; आधीच टेप लावून त्यांना त्यांचा गडद हिरवा द्या. आणि गंजाचा तांबडा रंग कुठेही नको, अ‍ॅल्युमिनियम तसं गंजत नाही.

मनासारखं झालं की दिवसभर वाळू द्या आणि ग्लॉस क्लिअरनं बंद करा. तोवर ओल्या बोटानं धरलं तरी ठसा उमटतो.

डिकल, वॉश, तेलरंग

डिकल (पाण्यात सोडवून लावायची चिन्हं आणि आकडे) ग्लॉसवरच लावा. खरबरीत पृष्ठभागावर खाली हवा अडकते आणि पांढुरकी चकाकी येते. डिकल बसवायच्या द्रावणांपैकी खाली मायक्रो सेट, वर मायक्रो सॉल. सॉल लावल्यावर डिकल सुरकुततं, घाबरून हात लावू नका, ते आपोआप ताणून बसतं.

पॅनलच्या रेघांत काळा वॉश (रेघा उठावदार करणारा खूप पातळ रंग) नको, चांदीवर तो जाळीसारखा दिसतो. गडद करडा-तपकिरी एनॅमल वॉश रेघेत सोडा, वीस मिनिटांनी कापडानं पुढून मागे पुसा. वॉश भरभरून ओतू नका: त्यातलं थिनर सांध्यातून आत शिरलं तर ताणाखालचं प्लास्टिक तडकतं, विशेषतः चाकांच्या दांड्यांपाशी.

हिरव्याचा एकसुरीपणा मोडायला कॅमलिनचे साधे तेलरंग पुरे. बर्न्ट अंबर, पिवळसर ओकर आणि पांढरा पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवा, जादा तेल पुठ्ठा शोषतो. नाहीतर आठवडाभर वाळत नाहीत. टूथपिकनं बारीक ठिपके द्या आणि टर्पेंटाइननं नुसत्या ओलसर केलेल्या चपट्या ब्रशनं मागच्या दिशेला ओढा. पंखांवर हवेची दिशा, धडाच्या बाजूंवर मात्र काही ओघळ सरळ खाली, कारण ते विमान उभं असताना गळालेले असतात. पोटाखाली हे ओघळ सर्वांत जास्त.

मग सॅटिन क्लिअर. तोफेच्या आणि रॉकेटच्या पॉडांच्या तोंडाशी काळ्या पेस्टलची भुकटी, टायरना धावपट्टीची फिकट धूळ. चाकांच्या मधल्या तबकड्या ठळक हिरव्या. चांदीच्या ठेवल्या तर जाणकाराला लगेच खटकतात.

पिटोची नळी अगदी शेवटी. किटमधली प्लास्टिकची पहिल्याच धक्क्याला मोडते. इंजेक्शनच्या वापरलेल्या नव्हे, नव्या सुईचं धारदार टोक कापून ती त्या जागी बसवा. नाकात ३ मिलिमीटर खोल भोक पाडा, कारण नुसती टोकाला चिकटवलेली सुई कपाट बंद करताना हमखास निघते.