स्टिअरिंगपासून वीतभर, वर दोन बोटं

कुणाला गाडी शिकवायची झाली की मी आधी वीत मोजायला लावतो. स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं. माझी बायको उंचीने कमी, त्यामुळे सीट पुढे ओढून स्टिअरिंगला चिकटून बसायची. सीट जरा वर घेतली, पाठ किंचित मागे कलवली, तर पेडलवर पायही नीट पोचले आणि अंतरही मिळालं.

एवढा आग्रह का? स्टिअरिंगमध्ये दडलेल्या एअरबॅगमुळे. जोराची धडक बसली की सेन्सर इशारा देतो, गॅस सुटतो आणि पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागात फुगते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. जवळ बसलात तर ती उशी नाही, ठोसा! पट्टा नसेल तर आपण पुढे फेकले जाऊन ती फुगत असतानाच तिच्यावर आदळतो. म्हणून पट्टा आधी.

हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. बारावर ठेवलेला हात थेट स्वतःच्याच तोंडावर येतो. शेजारच्याने डॅशबोर्डवर पाय टाकले, की मी गाडी चक्क बाजूला घेतो. मागे तोंड असलेली बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही, पोरं मागेच. आणि एअरबॅगचा दिवा गाडी सुरू केल्यावर विझला नाही, तर तडक मेकॅनिककडे.