नौदल परंपरेनुसार सूत्रांचे हस्तांतरण कसे पार पाडावे

मुंबईतील महाविद्यालयांत एनसीसीच्या नौदल शाखेची पथके आहेत. तिथला सीनियर कॅडेट कॅप्टन वर्ष संपताना आपली जबाबदारी पुढच्या कॅडेटकडे सोपवतो. हा प्रसंग पुष्कळदा पुष्पगुच्छ, दोन भाषणे आणि एक सामूहिक छायाचित्र एवढ्यावर आटोपतो. ज्या सेवेचा गणवेश आपण घालतो, तिची रीत याहून पुष्कळ काटेकोर आहे आणि ती लहान पथकालाही सहज पाळता येते. एका जहाजावर कोणत्याही क्षणी एकच अधिकारी सर्वोच्च असतो आणि तो कोण आहे हे खालच्या प्रत्येक माणसाला ठाऊक असते, या एका तत्त्वावर ती सगळी रीत उभी आहे.

सुरुवात लेखी आदेशापासून करावी. जुना अधिकारी नव्याला स्वतःच्या मर्जीने पद देत नाही. वरिष्ठांचा आदेश दोघांनाही बांधतो. म्हणून पथकाच्या एनसीसी अधिकाऱ्याकडून दोन्ही कॅडेटांची नावे, तारीख आणि वेळ स्पष्ट लिहिलेला आदेश आधी मिळवावा आणि निमंत्रणे त्यानंतरच पाठवावीत.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असून तो प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. अमेरिकी नौदलाच्या नियमावलीत याविषयी नेमके निर्देश आहेत. मावळत्या अधिकाऱ्याने उत्तराधिकाऱ्याला सोबत घेऊन जहाजाची पाहणी करावी, त्याच्यासमोर नौसैनिकांकडून कवायती करून घ्याव्यात, जहाजातील दोष आणि वैशिष्ट्ये स्वतःहून दाखवून द्यावीत, अद्याप पूर्ण न झालेले आदेश आणि पत्रव्यवहार हवाली करावा आणि दारूगोळ्याच्या कोठाराच्या किल्ल्या सोपवाव्यात, असे ती सांगते. पथकापुरता याचा अर्थ असा, की व्हेलर नौका, वल्ही, शिडे, दोर, लाइफ जॅकेट, कवायतीच्या रायफली, गणवेश, हजेरीपट, जमाखर्चाची वही आणि प्रत्येक किल्ली दोघांनी एकत्र तपासावी. नोंदवहीतला आकडा वाचून मान डोलावणे म्हणजे तपासणी नव्हे. वस्तू हातात घेऊन मोजावी, लाइफ जॅकेटचा प्रत्येक पट्टा ओढून पाहावा आणि व्हेलर पाण्यात उतरवून तिच्यात पाणी झिरपते का ते पाहावे. जे मोडले आहे, हरवले आहे किंवा उसने दिले आहे ते मावळत्याने लेखी सांगावे. नव्याला आणखी काही आढळल्यास त्याने ते त्याच कागदावर नोंदवावे आणि मग दोघांनी सह्या कराव्यात. त्रुटी लपवून सूत्रे सोपवणे हा आपल्यामागून येणाऱ्या माणसाशी आणि त्या नौकेत बसणाऱ्या प्रत्येक कॅडेटशी केलेला अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे.

या दिवसांत नव्या कॅडेटने सर्व काही पाहावे, विचारावे, टिपून घ्यावे. आदेश मात्र एकही देऊ नये. ठरलेल्या क्षणापर्यंत संपूर्ण अधिकार जुन्याचा आणि त्या क्षणानंतर संपूर्ण अधिकार नव्याचा असतो. समारंभ चालू असताना एखादा कॅडेट उन्हाने भोवळ येऊन पडला किंवा अचानक पावसाची सर आली, तर निर्णय कोणी घ्यायचा याचे उत्तर घड्याळाकडे पाहून देता आले पाहिजे.

हा आग्रह अनाठायी वाटत असेल, तर आपल्याच किनाऱ्याचा इतिहास पाहावा. फोर्टमधील आयएनएस आंग्रे हे नौदल आस्थापन ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते सरखेल, म्हणजे मराठा आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले आणि सूत्रे त्यांचे पुत्र सेखोजींकडे गेली. १७३३ मध्ये सेखोजीही गेले, तेव्हा संभाजी आणि मानाजी या त्यांच्या भावांत वाद पेटला आणि आंग्र्यांची सत्ता अलिबागचा कुलाबा किल्ला व विजयदुर्ग अशी दुभंगली. पुढे १७५६ मध्ये विजयदुर्गावर त्यांचेच भाऊ तुळाजी यांच्या आरमाराचा नाश झाला. त्याला इतरही कारणे होती, पण फुटलेल्या नेतृत्वाची किंमत आरमाराने मोजली हे नाकारता येत नाही.

प्रत्यक्ष समारंभासाठी मुंबईतच मोठा आदर्श आहे. पश्चिम नौदल कमांडच्या प्रमुखपदाची सूत्रे बदलतात, तेव्हा कुलाब्याच्या आयएनएस शिक्रा या नौदल हवाई तळावर संचलन होते, मानवंदना दिली जाते आणि नौदल गोदीतील गौरव स्तंभावर पुष्पचक्र वाहून हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. मावळते प्रमुख नव्या प्रमुखांच्या हाती बॅटन, म्हणजे अधिकाराची छडी, देत; २०२३ मध्ये नौदलाने बॅटन बाळगण्याची प्रथा बंद केली आणि ते सोपवणे फक्त कार्यालयापुरते ठेवले. कॅडेटांनी त्याची नक्कल करू नये. आदेशाचे वाचन आणि सॅल्यूट एवढे पुरेसे आहे.

संपूर्ण पथक दोघांकडे तोंड करून उभे करावे, कारण हा सोहळा पाहुण्यांच्या आधी पथकासाठी असतो. मावळत्याने शेवटची पाहणी करावी, मोजक्या शब्दांत सहकाऱ्यांचे आभार मानावेत आणि आपला कार्यमुक्तीचा आदेश मोठ्याने वाचावा. मग नव्याने आपला नियुक्तीचा आदेश वाचावा, जुन्याकडे वळून सॅल्यूट करावा आणि ‘मी आपल्याला कार्यमुक्त करतो’ असे म्हणावे. जुन्याने सॅल्यूट स्वीकारून ‘मी कार्यमुक्त झालो’ असे उत्तर द्यावे. अमेरिकी नौदलात रूढ असलेली ही छोटी प्रश्नोत्तरी मला विशेष प्रिय आहे, कारण ती ऐकल्यावर शेवटच्या रांगेतल्या कॅडेटलाही शंका उरत नाही. नव्याचे भाषण जुन्याच्या भाषणाहूनही लहान असावे. त्यात योजनांची घोषणा नको आणि आधीच्या कारकिर्दीची तुलना तर मुळीच नको. पूर्वीचे सर्व स्थायी आदेश लागू राहतील, एवढे मात्र त्याने आवर्जून सांगावे.

निरोपाचीही रीत आहे. मावळत्या अधिकाऱ्याला गाडीत बसवून सहकारी अधिकारी दोरखंडांनी ती ओढत नेतात. पथकाजवळ साजेशी गाडी नसेल, तर दुतर्फा उभ्या कॅडेटांमधून सन्मानाने चालत जाणेही शोभून दिसते. मात्र त्यानंतर जुन्याने कार्यालयात परत येऊन बसू नये आणि कोणी सल्ला विचारल्यास त्याला नव्या कप्तानाकडे पाठवावे.

त्याच दिवशी नव्याने हस्तांतरणाची वेळ दैनंदिनीत लिहावी, सूत्रे स्वीकारल्याचा लेखी अहवाल एनसीसी अधिकाऱ्याला द्यावा, सूचना फलकावरील नाव व संपर्क क्रमांक बदलावा आणि आपण सही करून घेतलेली प्रत्येक किल्ली तिच्या कुलपात एकदा फिरवून पाहावी.