फॅमिली घेऊन परदेशात जायचंय? मग देश नोकरीवरनं नको, घरातल्या माणसांवरनं ठरवा

आमच्या सांगली जिल्ह्यातली विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी पार केरळ-पंजाबपर्यंत गेली, आणि कशी गेली तर आधी एक पाव्हणा जायचा, त्याच्या मागनं भाऊ, मग मेव्हणा. परदेशाचंही आपण तसंच करतो. नणंदेचा मुलगा टोरंटोत आहे म्हणून कॅनडा, मैत्रीण मेलबर्नला आहे म्हणून ऑस्ट्रेलिया. गलाईवाल्यांचं ते चाललं कारण त्यांना व्हिसा लागत नव्हता. देशच बदलायचा म्हटला की पाव्हणा तुम्हाला एअरपोर्टवरनं घरी आणू शकतो, पण बायकोला काम करायची परवानगी, पोराची शाळा, म्हाताऱ्यांचा व्हिसा हे त्याच्या हातात नसतंय.

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, हे कुपवाड एमआयडीसीत डिझाईनला, मुलगी सातवीत सेमी इंग्लिशला, मुलगा दुसरीत, आणि मामा म्हणजे सासरे, त्यांना शुगर आणि दोन स्टेंट. पहिलं वर्ष आमचं एका एजंटपायी गेलं, सहा महिन्यांत कॅनडा म्हणून त्यानं साठ हजार घेतले आणि ह्यांचं वय किती, मार्क किती बसतात हेसुद्धा विचारलं नाही. तेव्हा एक रुपया द्यायच्या आधी नाव तपासा, कॅनडाच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या लायसन्सवाल्या सल्लागारांची अधिकृत यादी ऑनलाईन आहे, दोन मिनिटांचं काम आहे.

मग एका रविवारी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून आम्ही घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, शिक्षण, आजार असं लिहून काढलं. तुम्हीपण इथनंच सुरू करा. देशांची नावं त्या पानावर सगळ्यात शेवटी येऊ देत.

आधी नवराबायकोची वयं. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे मार्कांवर कायमचं राहायला घ्यायच्या पद्धतीत, 20 ते 29 वयाला पूर्ण मार्क, तिथनं पुढं कमी कमी होत 45 ला शून्य. ऑस्ट्रेलियात 25 ते 32 ला 30 मार्क मिळतात, कमीत कमी 65 लागतात, आणि 45 पूर्ण झाली की ह्या पॉइंटवाल्या व्हिसाचा दरवाजा बंद. न्यूझीलंड 55 पर्यंत घेतंय, म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी ते आधी बघावं. आणि मुख्य अर्जदार नवराच असला पाहिजे असं कुठंही नाही हो! आम्ही वर्षभर ह्यांच्या नावानंच हिशोब करत बसलो, मग एकदा माझं नाव वर घालून बघितलं तर नर्सिंगमुळं चित्रच बदललं. दोघांच्या नावानं वेगवेगळा हिशोब करा, जोडीदाराच्या इंग्रजीचेसुद्धा मार्क असतात.

आता पोरं, ह्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा कारण त्यांना कोणी विचारत नाही. जर्मनी मला फार आवडली होती, सरकारी शाळेला फी नाही, ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या माणसाला नोकरीवर मिळणारं परमिट, त्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासनं काम करता येतंय, आणि 27 महिन्यांत, जर्मन भाषा बी वन म्हणजे मधल्या पातळीपर्यंत आली तर 21 महिन्यांतच, कायमचं राहायला मिळू शकतंय. पण तिथं बऱ्याच राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, कोण पुढं युनिव्हर्सिटीच्या वाटेला आणि कोण कामधंद्याच्या. माझा दुसरीतला तिकडं सहज रुळला असता, पण सातवीतली मुलगी नवीन भाषा शिकत शिकत त्यात मधेच घुसणार, ते मला झेपेना. तुमची पोरं लहान असतील तर मात्र जर्मनी पहिली बघा, हे मी मनापासनं सांगते.

अमेरिकेचं दिसायला सोपं, पण एच वन बी ह्या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागली तरी नोकरीवरच्या ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळं भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही, आणि पोर 21 चं झालं की तुमच्या व्हिसावरनं बाहेर. बारा वर्षांची मुलगी घेऊन जाणाऱ्यानं हा हिशोब आजच मांडावा.

यूकेचं नीट ऐका, कारण आपल्याकडं केअर वर्कर म्हणजे म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल करायच्या कामाच्या नावाखाली अजून लाखो रुपये मागणारे भेटतात. केअर वर्करला नवराबायको-पोरं न्यायची सोय मार्च 2024 मध्येच बंद झाली आणि बाहेरच्या देशातनं नवीन भरती जुलै 2025 मध्ये बंद झाली. हेल्थ अँड केअर व्हिसा सोडून दुसऱ्या कामावर जाणार असाल तर हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्याचे पैसे, आधीच भरावा लागतोय, मोठ्या माणसाला वर्षाला 1035 पाउंड आणि पोराला 776, म्हणजे चौघांचे तीन वर्षांचे 10,866 पाउंड विमानात बसायच्या आधीच गेले.

म्हाताऱ्या माणसांचं कोणी बोलत नाही, आणि निघायच्या आदल्या रात्री सगळं घर त्याच्यावरच रडतंय. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडील एका वेळी पाच वर्षं राहू शकतात, त्यांचा हेल्थ इन्शुरन्स काढावा लागतोय. जर्मनीनं 1 मार्च 2024 पासनं कुशल कामगारांच्या आईवडिलांना वाट उघडली, पण त्यांचा इन्शुरन्स आणि सगळा खर्च तुम्ही दाखवायचा, स्टेंटवाल्या माणसाला तेच अवघड. ऑस्ट्रेलियात साध्या पॅरेंट व्हिसाची रांग तीस वर्षांच्या घरात आहे, आणि त्यामानानं लवकरच्या व्हिसाची फी माणसामागं 40 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. फोनचाही विचार करा, दुबई दीड तास मागं, जर्मनी ऋतूप्रमाणं साडेतीन-साडेचार तास मागं, सिडनी साडेचार-साडेपाच तास पुढं, आणि टोरंटो साडेनऊ-साडेदहा मागं, म्हणजे मामा सकाळी चहाला बसतील तेव्हा तुमची रात्र.

आमचे धाकटे दीर पलूसला आहेत, मामा त्यांच्याकडं राहायला तयार झाले, म्हणून आम्हाला ऑस्ट्रेलिया धरता आली. हे एकुलते एक असते तर मी दुबईच धरली असती, मुंबईपासनं तीन तास, सीबीएसई शाळा, काही झालं तर त्याच दिवशी घरी. तिथं नोकरी गेली की व्हिसा जातोय आणि नागरिकत्व मिळायचं जवळपास विसरायचं, हे माहीत असूनसुद्धा.

शेतीवाल्यांसाठी अजून एक. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातंय, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. वारसानं आलेली जमीन ठेवता येते, पण एनआरआय असो नाहीतर ओसीआय, नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. शेजारचा तुकडा घ्यायचं मनात असेल तर घरात आधी बोला.

ऑस्ट्रेलिया बघणाऱ्यांनी फक्त सिडनी-मेलबर्न धरून बसू नका. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकी सगळं रिजनल म्हणजे मोठ्या शहरांबाहेरचं धरतात, त्यात ऍडलेड आणि पर्थपण येतंय, आणि तिथल्या 491 नंबरच्या व्हिसाला 15 मार्क जास्तीचे मिळतात. नर्सेसना एनसीएलईएक्स ही कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि मग ऑस्ट्रेलियात जाऊन ऑस्की, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा, द्यावी लागते, त्या खर्चाची तयारी ठेवा.

देश ठरायची वाट न बघता कागदं आजच काढा, कारण आपल्याकडच्या बायकांचं सगळ्यात जास्त इथंच अडतंय. माझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर स्पेलिंगच वेगळं, लग्न सासरच्या गावी झालेलं आणि नोंदणी कोणी केलीच नव्हती. ग्रामपंचायतीत जाऊन ती करून घ्या, नाव बदललं असेल तर गॅझेट काढा, पोरांच्या जन्मदाखल्यावर नाव घातलंय का बघा, बऱ्याच दाखल्यांवर ते रिकामंच असतंय. ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे विद्यापीठाकडनं मिळणाऱ्या मार्कांच्या अधिकृत कागदांना, पण वेळ लागतोय, ह्यांचे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातनं काढायचे आणि माझे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातनं. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र सगळ्यात शेवटी द्या, कॅनडाला त्याचा रिझल्ट दोनच वर्षं चालतोय.