फावडं खाली ठेवा: छोट्या बेटावर पर्माकल्चर करताना या चुका टाळा

पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी कुणी ना कुणी नवं माणूस बोटीतून उतरतं. फोनमध्ये बागेचा रंगीत आराखडा तयार असतो, पाठीवरच्या पिशवीत बियांची पाकिटं असतात, आणि पहिलाच प्रश्न येतो, "चर कुठून काढायचा?" मी विचारतो, "विहिरीचं पाणी चाखलंत का?" चाखलेलं नसतं. भरतीच्या वेळी विहिरीची पातळी वर येते हेही पाहिलेलं नसतं. मग पुढची दोन वर्षं त्याच त्या चुका, त्याच क्रमानं. आता तोंडी सांगून कंटाळा आला, म्हणून लिहून काढतोय.

पर्माकल्चर म्हणजे निसर्गाची घडण पाहून, तिच्याशी जुळवून घेत, वर्षानुवर्षं टिकेल अशी बाग-शेती आखणं. हा शब्द बेटावरच जन्मला. १९७०च्या दशकात टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी तो रूढ केला. पण टास्मानिया साठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, तिथे डोंगर आहेत, नद्या आहेत. अर्ध्या तासात पायी ओलांडता येईल अशा बेटाला तिथला आराखडा जसाच्या तसा लावणं म्हणजे मोठ्याचा सदरा पोराला घालणं. त्या दोघांची पहिली शिकवण मात्र सगळीकडे लागू पडते: आधी पाहा, मग हात लावा. नेमकी तीच लोक गाळतात.

विहिरीत मोठी मोटार

ही माझी खास दुखरी नस आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

छोट्या, सखल बेटाखाली गोडं पाणी हौदात भरल्यासारखं साठलेलं नसतं. ते खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं, मध्ये जाड आणि किनाऱ्याकडे पातळ. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणून हे जमतं. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत पाणी गोडं असतं. ऐकून लोक खूश होतात. आता हाच हिशेब उलटा वाचा. उपसा करून पातळी १० सेंटिमीटर उतरवलीत, की खालचं खारं पाणी ४ मीटर वर चढू पाहतं. बऱ्याच बेटांवर ते भिंगच मुळी काही मीटर जाडीचं असतं.

काही वर्षांपूर्वी तिघा-चौघा तरुणांना भाजीपाल्यासाठी अनुदान मिळालं. जुनी विहीर उथळ, माणूस वाकला तर बादली बुडेल इतकी. त्यांनी ती दोन मीटर खोल केली आणि दीड अश्वशक्तीची मोटार सोडली. मी तेव्हा शहाणा नव्हतो. मोटार उतरवताना दोर मीच धरला होता. ठिबकच्या नळ्या पसरल्या, घेवडा लावला, रोज सहा तास पाणी. पहिले पंधरा दिवस सगळं हिरवंगार, फोटोंचा सुकाळ. तिसऱ्या आठवड्यात घेवड्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या.

"काका, पालाश कमी पडतंय," त्यातला एक म्हणाला. कडा करपल्या की पालाश, असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी म्युरेट ऑफ पोटॅश टाकलं. ते म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, क्षारच की. मिठानं करपलेल्या झाडाला आणखी मीठ! दहा दिवसांत वाफे बसले. तोवर शेजारच्या आजी सकाळी कळशी घेऊन माझ्या दारात आल्या. "चहा फाटला रे," एवढंच म्हणाल्या. मी कळशीतलं पाणी जिभेवर घेतलं. मचूळ. विहीर त्यांची वेगळी, पण खालचं भिंग तर एकच.

मोटार त्याच दिवशी काढली. आजींच्या विहिरीचं पाणी पुन्हा चहाजोगं व्हायला दोन पावसाळे गेले, आणि तोवर त्यांच्या घरी टाकीचं पाणी मी भरत होतो. तक्रार करायला मला जागाच नव्हती.

तेव्हापासूनच्या माझ्या सवयी सांगतो. विहीर खोल करायची नाही, हवी तर रुंद करायची. एका जागेवरून खूप ओढण्यापेक्षा तीन जागांवरून थोडं थोडं ओढायचं. जमेल तिथे पाण्याच्या पातळीच्या जरा खाली भोकाचे आडवे पाइप पुरून त्यांतून वरवरचं पाणी हळूहळू गोळा करायचं. क्षार मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते घ्या आणि आठवड्यातून एकदा भरती-ओहोटीच्या त्याच टप्प्यावर मोजा. आज भरतीला आणि पुढच्या आठवड्यात ओहोटीला मोजलेल्या आकड्यांची तुलना करून काही कळत नाही. मीटर नसेल तर घेवडा लावा. क्षाराला इतकं हळवं पीक क्वचितच, विहिरीची तक्रार आधी तोच करतो.

बागेचं पाणी मुळात छतावरून यायला हवं. १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०० लिटर पाणी होतं. पन्हाळी गळतात, पाणी उडतं, म्हणून मी ८० धरतो. पहिल्या सरीचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, पक्ष्यांची विष्ठा आणि वाऱ्यानं आणलेलं मीठ त्यातच असतं. टाकी आधी, बाग नंतर. हे सांगितलं की नव्यांचे चेहरे पडतात, कारण टाकीचा फोटो चांगला येत नाही.

चुना आणि राख

प्रवाळाच्या वाळूत चुना टाकणारे मी पाहिलेत. अहो, ती जमीन म्हणजेच चुना! तिचा सामू (pH, आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) बहुतेक वेळा आठ किंवा त्याहून वर असतो. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या, की लोह मुळांना मिळत नाहीये असं समजा. लोह जमिनीत असलं तरी अशा सामूला ते जखडलेलं असतं. राखेनंही हेच बिघडतं, ती भांड्यांपुरती ठेवा. कंपोस्ट घाला, अजून घाला, आणि थांबा. काही प्रवाळबेटांवर जुनी माणसं अळूच्या खड्ड्यात गंजके डबे टाकतात. त्यांना हसू नका.

बोटीतून आलेली माती

कुंडीतल्या रोपाबरोबर फक्त रोप येत नाही. मुंग्या येतात, गोगलगायीची अंडी येतात, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी येतात. मोठ्या भूभागावर अशी कीड पसरली तरी तिला खाणारं कुणीतरी तिथे असतं. बेटावर ते नसतं. नारळाचा गेंडा भुंगा ग्वाममध्ये २००७ साली आणि हवाईत २०१३ साली सापडला, अजून दोन्हीकडे ठाण मांडून आहे. तो कुजत्या खोडांत आणि कंपोस्टच्या ढिगातच वाढतो. म्हणजे नव्या माणसाचा अभिमानाचा ढीग हीच त्याची बाळंतखोली. ढीग महिन्यातून एकदा तरी तळापासून उलटा. जाड, पांढरी, वाकडी अळी दिसली की कोंबड्यांना घाला.

यावर "दुसरा किडा आणून सोडू, तो खाईल" हा उपाय कुणी सुचवला, की मी उठून जातो. १९७७ साली पॅसिफिकमधल्या मूरिआ बेटावर आफ्रिकन गोगलगायीचा बंदोबस्त करायला एक शिकारी गोगलगाय सोडली. तिनं त्या बेटाच्या स्वतःच्या छोट्या गोगलगायी खाल्ल्या. दहाएक वर्षांत त्या तिथल्या रानातून नाहीशा झाल्या.

मी काय करतो? बी किंवा मुळं धुतलेला कंद घेतो, माती घेत नाही. नवं झाड सहा आठवडे घरामागे वेगळं ठेवतो. पाहुण्यांना हा कंजूसपणा वाटतो, वाटू दे.

सुबाभूळ "झटपट नत्र देते" म्हणून लावू नका. झटपट देते आणि नंतर बेट घेते. गिरीपुष्प लावा, आणि तेही शेंगा धरायच्या आत छाटत राहा.

एकच वाण

अळूचा एक वाण चांगला निघाला, की सगळीकडे तोच लावायचा मोह होतो. सामोआत हेच झालं होतं. तिथलं अळू बव्हंशी एकाच लोकप्रिय वाणाचं होतं. १९९३ साली पानावरचा करपा आला आणि निर्यातीचं हे मुख्य पीक बघता बघता झोपलं. सावरायला बाहेरच्या वाणांशी संकर करत वर्षं घालवावी लागली. म्हणून माझ्याकडे अळूचे सात वाण आहेत. त्यातले दोन चवीला अगदी टुकार आहेत. ते मी काढणार नाही.

पोटाचा हिशेब न करता बाग लावणं

ही दुसरी दुखरी नस. पर्माकल्चर म्हणत लोक दगडांचा गोल गोल चढता वाफा रचतात आणि त्यात पुदिना, तुळस, लेट्यूस लावतात. दिसतं सुंदर. पण बोट आली नाही तर?

एका मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २,००० किलोकॅलरी लागतात असं धरा. १०० ग्रॅम लेट्यूसमध्ये पंधराच्या आसपास असतात. म्हणजे दिवसाला तेरा किलो पाला चघळावा लागेल. रताळ्यात १०० ग्रॅमला ८६च्या आसपास, म्हणजे सव्वादोन-अडीच किलो. तेही जड जातं, पण माणूस जगतो. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे. हा हिशेब पेन्सिलनं पाच मिनिटांत होतो, आणि मला भेटलेल्या दहातल्या नऊ जणांनी तो केलेला नसतो.

दुसरा अर्धा हिशेब वेळेचा. रताळं चार-पाच महिन्यांत निघतं, अळूला आठ-दहा महिने लागतात, केळीला वर्ष, मुळाच्या फुटव्यापासून लावलेल्या नीरफणसाला तीन ते पाच वर्षं, उंच जातीच्या नारळाला सहा-आठ. सगळं पहिल्याच महिन्यात लावून हात झटकले, की एका महिन्यात ओट्या भरतात आणि पुढचे तीन महिने ठणठणाट. रताळ्याचे वेल दर महिन्याला थोडे थोडे लावायचे, बस. यात हुशारी कसलीच नाही. म्हणूनच कुणी करत नाही.

माझ्या भिंतीवर बारा रकान्यांचा एक कागद आहे. प्रत्येक रकान्यात त्या महिन्यात पोट भरेल असं जमिनीतून काय निघेल तेवढंच लिहायचं. चटणीची, चहाची, वासाची पानं त्यात चालत नाहीत. आणि वर्षातून एक आठवडा आम्ही काही घरं दुकानाचं काही न घेता काढतो. पहिल्या वर्षी तिसऱ्याच दिवशी पोरं चिडचिडी झाली. कंद भरपूर होते, पण नारळ सगळे आधीच विकलेले, ताटात स्निग्ध काहीच नाही. आराखड्यात ही उणीव कुणाला दिसली नव्हती, ताटात दिसली. आता दहा झाडांचे नारळ विकायचे नाहीत असा ठराव आहे.

साठवणीचंही तेच. नीरफणस एकदम येतो आणि पिकल्यावर दोन-तीन दिवसांत जातो. पॅसिफिकमधल्या बेटांवर पानं अंथरलेल्या खड्ड्यात तो आंबवून ठेवतात आणि वादळानंतरच्या उपाशी महिन्यांत काढून खातात. तिकोपिया नावाचं जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं बेट आहे, हजारभर माणसं, तीन हजार वर्षांची वस्ती. तिथे झाडांच्या थरांखाली कंद आणि खड्ड्यात आंबवण, असं चालतं. बागा उकरतात म्हणून सुमारे १६०० साली त्यांनी बेटावरची सगळी डुकरं संपवली. त्याही बेटावर १९५२ आणि १९५३च्या वादळांनंतर दुष्काळ पडला. तेव्हा "आमच्याकडे दोन केळी आहेत, आम्ही स्वयंपूर्ण" असं कुणी म्हटलं की मला पुढे काही बोलावंसं वाटत नाही.

उरलेलं, थोडक्यात

वाळूत समपातळी चर खणू नका, पाणी तसंही सरळ खाली जातं. उतारावर खणलात तर जादा पाणी जायला सांडवा आधी ठेवा.

वाराआड झाडी लावायच्या आधी फळझाडं लावू नका. खारा वारा आधी केवड्याला, उंडीला झेलू दे. दोन वर्षं जातील, जाऊ द्या.

आच्छादन खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा.

शेळी आणायची असेल तर आधी कुंपण घाला. "उद्या घालू" म्हणणाऱ्या माणसाची केळीची बाग मी एका रात्रीत गेलेली पाहिली आहे.

आणि खेकडे. रोपं रात्री देठापासून साफ कापलेली दिसली, की लोक अळीचं औषध शोधतात. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वाफ्यात जा, कापणारा समोरच उभा असतो. तळ कापलेला पत्र्याचा डबा रोपाभोवती चार बोटं खोल रोवा. प्लास्टिकची बाटली लावू नका, ती तो दुसऱ्या रात्री बिळात ओढून नेतो.