जुन्या एस्टीमला टर्बो: सामान निवडा, पण टर्बो सगळ्यात शेवटी

जुन्या मारुती एस्टीमला टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुराने टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र, लावायचा तर सामान कसं निवडायचं, ते इथे सांगतो. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) तपासलंय आणि त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक नाही, असं धरून लिहितो. इंजिन तेल पीत असेल तर हे पैसे आधी रिंग-पिस्टनवर घाला.

उदाहरण माझ्या एस्टीमचंच घेतो. १२९८ सीसी, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी), कंपनीतून निघाली तेव्हा ८५ बीएचपी.

आधी आकडा

मूळ पिस्टन, मूळ हेड गॅस्केट आणि ठाण्यातला मे महिना, एवढं धरून अर्धा बार बूस्ट (टर्बो हवेच्या नेहमीच्या दाबावर चढवतो तो जादा दाब). म्हणजे साधारण १२० बीएचपी. ‘एक बार मारू या, काही होत नाही’ म्हणणारा मिस्त्री भेटेलच. त्याला एवढंच विचारा, की काही झालं तर इंजिन कोणाच्या पैशाने उघडायचं.

टर्बो

इथे मी दोनदा आपटलोय, म्हणून सविस्तर.

पहिला टर्बो कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आणला. एका अडीच लिटर डिझेल गाडीचा होता, स्वस्त होता आणि हातात घेतल्यावर दमदार वाटला. वागळे इस्टेटमधून मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर टर्बोपर्यंत नेणारा पाइप) वेल्ड करून घेतला, लावला. घोडबंदर रोडला मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत बूस्टचा काटा हललाच नाही. गायमुखच्या चढावर साडेचार हजार आरपीएमला तो एकदम आला आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरली. (तेव्हा गाडीतल्या अशा बदलांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल यायचा होता. मला अक्कलही यायची होती.) एवढं मोठं टर्बाइन फिरवायला लागणारा धूर १.३ लिटरच्या इंजिनाकडे खालच्या आरपीएमला नसतोच.

मग उलटी चूक केली. छोट्या १.३ डिझेलचा टर्बो लावला. दोन हजारालाच बूस्ट, मी खूश. पण पाच हजाराच्या पुढे इंजिनाचा गळा दाबल्यासारखं व्हायचं आणि काही महिन्यांत टर्बाइनच्या घराला वेस्टगेटपाशी (जादा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेपाशी) केसासारखी बारीक चीर गेली. डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो. पूर्ण लोडवर पेट्रोलचा धूर ९०० अंशांच्या वर जातो आणि डिझेलच्या टर्बोचा धातू बहुधा तेवढ्यासाठी निवडलेला नसतो. ‘डिझेलचा टर्बो पेट्रोलला मस्त चालतो’ हा सल्ला देणाऱ्याने तो किती दिवस चालवलाय, हे आधी विचारा. हलत्या पात्यांचा, म्हणजे व्हीजीटी टर्बो तर फुकट मिळाला तरी नको. पेट्रोल गाडीत ही पाती टिकवायला पोर्शला २००६च्या ९११ टर्बोत खास उष्णता सोसणारा धातू वापरावा लागला होता.

म्हणून नजरेने नव्हे, हिशेबाने घ्या. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. ६००० आरपीएमला १.२९८ गुणिले ३०००, म्हणजे मिनिटाला साधारण ३९०० लिटर हवा. सिलिंडर ८५ टक्के भरतात असं धरलं तर ३३०० लिटर. वजनात ही हवा सुमारे ३.८ किलो, म्हणजे ८.४ पौंड. अर्धा बार बूस्टला दीडपट करा, हवा तापते त्याची थोडी वजावट करा, आकडा येतो १२ पौंड. मिनिटाला एक पौंड हवेमागे ढोबळमानाने दहा हॉर्सपॉवर. झाले १२०.

आता टर्बोचा कंप्रेसर मॅप, म्हणजे तो किती दाबाला किती हवा देऊ शकतो याचा आलेख, समोर घ्या. फिल्टर आणि इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत) वाया जाणारा दाब धरून प्रेशर रेशो, म्हणजे टर्बोतून निघणाऱ्या आणि आत जाणाऱ्या हवेच्या दाबांचं गुणोत्तर, १.६ पकडा आणि १२ पौंडांवर ठिपका द्या. दुसरा ठिपका ३००० आरपीएमचा, सहा पौंडांवर. पहिला मॅपच्या उजव्या कडेबाहेर जायला नको, दुसरा डावीकडच्या सर्ज रेषेच्या (जिच्यापुढे हवा कंप्रेसरमधून उलटी फिरते) पलीकडे नको. गॅरेटचा जीटी१२४१ हा ५० ते १३० हॉर्सपॉवरचा आणि १.२ लिटरपर्यंतच्या इंजिनांचा. जीटी१५४४ हा १०० ते १५० चा, १ ते १.६ लिटरसाठी. मी दुसऱ्याच्या मापाचा घेईन. ज्या टर्बोचा मॅपच मिळत नाही, तो विक्रेत्यालाच ठेवू द्या.

जुना घेत असाल तर शाफ्टचा नट दोन बोटांत धरून आत-बाहेर ढकला. हाताला काहीही जाणवता कामा नये. आडवी थोडी हालचाल चालते, पण पातं घराला घासायला नको. आणि मधल्या भागाला पाण्याचे दोन पोर्ट हवेतच. गाडी तापलेली असताना बंद केली की त्यांच्याशिवाय आतलं तेल जळून कोळसा होतो.

तेलाची परतीची नळी

आतून किमान १६ मिमी, सरळ खाली उतरणारी, चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली. बारीक किंवा आडवी टाकलीत तर निळा धूर येतो आणि लोक चांगल्या टर्बोला दोष देतात.

इंधन आणि ईसीयू

मूळ ईसीयूचा (इंधन आणि ठिणगी सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, बूस्ट वाचू शकत नाही. त्यामुळे स्टँडअलोन, म्हणजे आपल्याला हवा तसा सेट करता येणारा वेगळा ईसीयू लागतोच. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो पुरतो, सोबत अडीच बारचा सेन्सर. १२० हॉर्सपॉवरसाठी इंजेक्टर मिनिटाला २४० सीसीचे लागतात, पण आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉलमुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. २७० च्या खाली जाऊ नका. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही याच वेळी बदला. वाइडबँड सेन्सर (धुरातून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) नसेल तर ट्यूनिंग करायला बसूच नका. पूर्ण बूस्टवर लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण; अचूक मिश्रणाला १, त्याखाली इंधन जास्त) ०.८०च्या आसपास ठेवा.

स्पार्क प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), गॅप ०.७ मिमी. इंटरकूलर पुढच्या बंपरमागे. क्लच प्लेट नवी.

कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलात असे बदल करू देत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. नंबर एमएच-०४ असो की एमएच-४३, पंधरा वर्षांवरची गाडी फेरनोंदणीला आरटीओसमोर न्यावीच लागते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त. माझी एस्टीम आता ट्रेलरवरून ऑटोक्रॉसला (बंद मैदानावरच्या वेळेच्या शर्यतीला) जाते.

खरेदीचा क्रम

वाइडबँड, ईसीयू, इंजेक्टर. एवढ्यावर गाडी टर्बोशिवाय पंधरा दिवस चालवा. आयडलिंग बसलं, थंड इंजिन पहिल्या चावीला चालू झालं, की मगच टर्बोचे पैसे मोजा.

बसवल्यावर टर्बोच्या तेलाच्या तोंडात हाताने थोडं इंजिन ऑइल ओता. कॉइल आणि इंजेक्टरच्या वायरचे कनेक्टर काढून ठेवा आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही. दिवा विझला की कनेक्टर परत लावा.