चुना आधी, खत नंतर: आंबट जमिनीचं काम

‘रासायनिक खतांनी जमीन आंबट झाली’ असं कानावर आलं की लोक थेट चुन्याच्या गोण्या उतरवतात. थांबा. मूठभर माती बशीत घ्या, वर व्हिनेगर ओता. फसफसली तर मातीत चुनखडी आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत बहुधा हेच दिसेल. तिथे वर्षानुवर्षं युरिया टाकूनही सामू (pH, आंबटपणाचं माप: आकडा जितका कमी तितकी माती आंबट) 8 च्या आसपासच राहतो, आणि वर चुना टाकलात तर पिकाला मिळणारं लोह-जस्त आणखी कमी होतं. पुढचं सगळं कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीसाठी. इथला कॅल्शियम पावसाने आधीच धुऊन नेलेला असतो, मग खताची आम्लता झेलणार कोण?

मातीचा नमुना नेहमीसारखाच घ्या, फक्त खत टाकल्यावर लगेच नको. प्रयोगशाळेत सामूबरोबर ‘चुन्याची गरज’ही काढून मागा. सामू तोच असला तरी रेताड मातीला थोडा चुना पुरतो, चिकण मातीला बराच लागतो. नुसता सामू ऐकून मात्रा सांगणाऱ्याला नमस्कार करा आणि घरी या. मातीत खुपसायचं स्वस्त मीटर मी केव्हाच फेकून दिलं.

आम्ल येतं नत्रातून. अमोनियाच्या रूपातल्या नत्राचं जिवाणू नायट्रेट करतात, तेव्हा ते सुटतं. 45 किलोच्या युरियाच्या गोणीचं आम्ल मारायला ढोबळमानाने 35 किलो चुनखडी लागते, 50 किलो अमोनियम सल्फेटला 55 किलो. आणि त्या दुसऱ्या गोणीत नत्र युरियाच्या जेमतेम निम्मं! जांभ्यावर मी ती बंदच केली.

आता जिथे मी स्वतः आपटलो ते. भात कापून झालं होतं, भुईमूग घ्यायचा होता, माणसं एकाच दिवसाची मिळाली होती. म्हणून विरवलेला (भाजून पाण्याने फोडलेला) चुना आणि अमोनियम सल्फेट एकाच सकाळी फेकून घेतलं. सपाट्याने काम झालं म्हणून खूश होतो, तोवर बांधावर उभं राहवेना. नाकात झणका, डोळ्यांतून पाणी. पैसे देऊन आणलेलं नत्र अमोनिया होऊन उडत होतं. युरियाही हेच करतो, फक्त दोन-चार दिवसांत आणि गुपचूप, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हापासून माझा नियम: चुना आधी. ओल असताना पसरायचा, नांगरून वीतभर खोल मिसळायचा आणि तीन आठवडे दुसरं काही टाकायचं नाही. सुपर फॉस्फेटसुद्धा नाही, स्फुरद अडकतं. चुनखडी पिठासारखी बारीक हवी, जाडी भरड वर्षभर तशीच पडून राहते. विरवलेला चुना वापरायचा तर 100 किलो चुनखडीच्या जागी 74 किलो. कुणी जिप्सम सुचवलं तर ऐकू नका, त्याने सामू वाढत नाही, ते चोपण (सोडियम साठून घट्ट झालेल्या) जमिनीचं औषध आहे.

भाताला या चुन्याची घाई नसते, खाचरात पाणी साचलं की सामू आपोआप वर सरकतो. भुईमूग आणि वाल यांना मात्र आंबट माती सोसत नाही, मुळांवरच्या गाठी नीट धरत नाहीत. त्यामुळे भात निघालं की लगेच चुना.

मात्रेपेक्षा जास्त टाकू नका. पुढच्या खेपेला परत माती तपासा. आणि वारा असेल त्या दिवशी चुना उधळायला जाऊ नका, निम्मा शेजाऱ्याच्या कुळथावर जातो आणि भांडण आपल्या दारी येतं.