हायब्रीड गाडी चालू होत नाहीये? आधी छोटी बॅटरी तपासा

मागच्या पावसाळ्यात वीस दिवस गावी होतो, परत आलो तर पार्किंगमध्ये गाडी उघडेचना, रिमोट मेला होता. चावीच्या आतली लोखंडी चावी काढून दार उघडलं, ब्रेक दाबून बटण दाबलं तर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लुकलुकले, आतून रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) टकटक आवाज आला आणि गप्प. एका मेकॅनिकला फोन केला तर न बघताच म्हणाला मोठी बॅटरी गेली, लाखाच्या वर जाईल. रात्रभर झोप नाही हो. सकाळी कळलं की 12 व्होल्टची छोटी बॅटरी उतरलीय एवढंच. असं कुणाचं होऊ नये म्हणून लिहितोय.

आधी हे समजून घ्या. टोयोटाच्या हायरायडर आणि हायक्रॉस, मारुतीची ग्रँड विटारा, होंडाची सिटी या स्ट्राँग हायब्रीडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत गाडी ओढणारी विजेची मोटरही असलेल्या गाड्यांत, दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी ही मोटर फिरवते, पण त्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले छोटीच्या करंटवर चालतात, त्यामुळे मोठी फुल्ल असली तरी छोटी उतरली की गाडी ठप्प. अल्टरनेटर नसतोच, डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठीतून छोटीला चार्ज करतो आणि तेही डॅशबोर्डवर ‘रेडी’ (गाडी चालवायला तयार) आलं असेल तरच. नुसतं बटण दाबून गाणी ऐकत बसलात तर छोटी उतरत जाते.

आता तपासणी. साधा मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) घ्या, डीसी 20 व्होल्टवर ठेवा, गाडी तीन-चार तास बंद असताना लाल टोक प्लसला आणि काळं मायनसला लावा. बॅटरी काही गाड्यांत बोनेटखाली असते, प्रियससारख्या गाडीत डिकीत, मॅन्युअल बघा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर मस्त, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरली. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साठली असेल तर आधी मायनस आणि मग प्लस सोडवा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा आणि बसवताना प्लस आधी. मग गाडी रेडीत आणून परत मोजा, साधारण 13.5 ते 14.5 दिसायला हवं. रेडी असूनही 12 च्या घरातच अडकलं तर कन्व्हर्टर किंवा फ्यूजचा घोळ आहे, थेट सर्व्हिस सेंटर.

जंपस्टार्टला, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून गाडी चालू करायला, जास्त करंट लागत नाही, कारण फक्त कॉम्प्युटर आणि रिले जागे करायचे असतात. लाल केबल तुमच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला, काळी दुसऱ्या गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडी बोल्टला. पाचेक मिनिटं थांबा, ब्रेक दाबून बटण दाबा, रेडी आलं की उलट्या क्रमाने काढा आणि तासभर तरी गाडी रेडीत ठेवा. प्लस-मायनस उलटं लागलं तर फ्यूजपासून कन्व्हर्टरपर्यंत काहीही उडू शकतं, दोनदा बघा! आणि आपल्या हायब्रीडवरून दुसऱ्याला जंप देऊ नका, कन्व्हर्टरवर ताण येतो.

परत परत उतरत असेल तर कुणीतरी करंट पितंय. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीतून जाणारा करंट 50 मिलीअँपच्या आत असेल तर ठीक, पण हिशोब करा, तेवढ्यानेही दिवसाला 1.2 अँपअवर जातात, वीस दिवसांत 24, आणि बॅटरीत एकूण मावतात 40-45 अँपअवर. वर डॅशकॅम (काचेवरचा कॅमेरा) चोवीस तास चालू असेल तर आठवडाही पुरत नाही. मी माझा डॅशकॅम इग्निशनच्या लाइनवर घेतला, म्हणजे गाडी बंद की तोही बंद, आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय, गावी असलो की आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रेडीत ठेवायची, मोकळ्या जागेत हां, मध्येच इंजिन सुरू होतं.

मोठी बॅटरी बिघडल्याची लक्षणं वेगळी. चार्जचे बार झरझर वर-खाली होतात, इंजिन सतत चालू राहतं, मायलेज पडतं. पहिल्यांदा मागच्या सीटजवळची हवेची जाळी बघा, तिथे कपडे, पिशव्या, कुत्र्याचे केस अडकले की बॅटरी तापते. ट्रॅफिकमध्ये गाडी न्यूट्रलला टाकू नका, टोयोटाच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी0ए80 कोड आला तर मोठ्या बॅटरीचा पॅक खराब होत चाललाय. जुन्या प्रियसमध्ये 7.2 व्होल्टचे 28 मॉड्यूल (छोटे भाग) जोडलेले असतात, एक ढिला पडला तरी सगळा पॅक मागे पडतो. पण घाबरण्याआधी वॉरंटीचा कागद काढा, वर सांगितलेल्या गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला भारतात 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे.

आणि हात जोडून सांगतो, मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलला हात लावू नका, ती उंदराने कुरतडलेली दिसली तरी नाही, तिच्यात जीव घेण्याइतका व्होल्टेज असतो. गाडीत पुराचं पाणी शिरलं असेल तर बटणही दाबू नका, टो करूनच न्या.